सही कोण करणार?

सातव्या महिन्यात ओटी भरली आणि मी माहेरी गेले नाही. एवढ्यावरून माझं डोकं फिरलंय, यावर दौंड तालुक्यातलं माझं माहेर आणि पाबळकडचं माझं सासर या दोन्ही घरांचं एकमत झालं. एरवी या दोन घरांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. लग्नात जिलबी की गुलाबजाम यावरून त्यांच्यात आठवडाभर अबोला होता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, रीतीप्रमाणे मला न्यायला आले होते. शिक्रापुरात आम्ही नवराबायको एका खोलीत भाड्यानं राहायचो. एका ओळीत सहा खोल्या, समोर नळ, पलीकडे हायवे. त्या ओळीसमोर आप्पांनी भाड्याची जीप उभी केली होती आणि मागच्या सीटवर आईनं पाठवलेली गादी अंथरली होती. गादीवर दोन उशा, शेजारी लोणच्याची बरणी. मी हिरव्या साडीत, ओटीतला नारळ पोटाशी धरून उंबऱ्यावर उभी होते.

"आप्पा, मी येत न्हाई," मी म्हणाले. "बाळंतपण शिरूरला करणार."

आप्पांना आधी वाटलं की मला ऊन लागलंय. त्यांनी मला पाणी प्यायला लावलं. मग म्हणाले, "येत न्हाई म्हंजी?"

"म्हंजी न्हाई."

ओटी भरायला आलेल्या सासूबाई आतून बाहेर आल्या. "अगं, पहिली खेप माहेरची असती. आन् माझ्या पोराचा काय भरवसा? त्यो आसामात आसंल तवा तुला कोण बघंल?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा नवरा कंटेनर चालवतो. रांजणगावच्या कंपन्यांतून फ्रिज, वॉशिंग मशीन भरायचे आणि कधी चेन्नई, कधी गुवाहाटी. गेला की दहा दिवस, कधी पंधरा. माल खाली करायला नंबर लागला नाही तर आणखी चार. माझ्या तारखेला तो घरी असेल की कुठल्या धाब्यावर अंघोळ करत असेल, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. म्हणूनच मला माहेरी जायचं नव्हतं. हे ऐकून सगळे चक्रावायचे, कारण नवरा नसणार म्हणून तर माहेरी जायचं असतं.

मला कारण सांगता येत नव्हतं असं नाही. आप्पांच्या तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. जीप रिकामी परत गेली. लोणच्याची बरणी तेवढी ठेवून घेतली.

कारण होती माझी ताई. पाच वर्षांपूर्वी तीही अशीच ओटी भरून, अशाच गादीवर बसून माहेरी आली होती. दिवस भरले, कळा सुरू झाल्या, आम्ही तिला तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बाळाचे ठोके कमी होतायत, सीझर करावं लागेल, सही करा. आप्पांनी पेन हातात घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"त्यांची सून हाय," ते म्हणाले. "त्यांना इचारल्याबिगर मी कशी सही करू?"

दाजी कामावर परगावी होते, त्यांचा फोन लागेना. मग ताईच्या सासऱ्यांना लावला. ते म्हणाले, पोराला विचारून सांगतो. पोराचा फोन तर लागतच नव्हता! तरी सगळे थांबले. आप्पा दवाखान्याच्या आवारात जाऊन रेंज शोधत होते. मी कॉरिडॉरमध्ये चहाचा थर्मास धरून उभी होते. यात किती वेळ गेला ते आमच्या घरात कुणालाही सांगता येत नाही. आप्पा म्हणतात तासभर. आई म्हणते तीन तास. ताई काहीच म्हणत नाही. मुलगा झाला. तो रडला नाही.

ताई सगळा वेळ आत शुद्धीवर होती. दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू येत होतं. तिची बारावीपर्यंत शाळा झालेली, तिला चांगली वळणदार सही करता येत होती. तिच्या हातात कुणी पेन दिलं नाही. मला आप्पांचा राग आला, दाजींचा आला, पण सगळ्यात जास्त माझा आला. कागद उचलून दहा पावलं आत न्यायचं मलाही सुचलं नव्हतं. ताई पुढे सासरी गेली आणि वर्षाच्या आत कायमची परत आली. आता ती घरी ब्लाऊज शिवते. त्या बाळाच्या कपाटातल्या दुपट्याला आमच्या घरात कुणी हात लावत नाही.

आणि मी काय काम करत होते? रांजणगावात गाड्यांच्या वायरिंगच्या एका कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर होते. लाईनवरून वायरिंग यायचं, मी क्लिपा मोजायच्या, टोकं ओढून बघायची आणि कागदावर सही ठोकायची. माझ्या सहीशिवाय एक खोका पुढं सरकत नव्हता. सुपरवायझर घाई करायला आला तरी मी मान वर करायची नाही. दिवसाला शंभर सह्या करणाऱ्या बाईनं स्वतःच्या पोटासाठी मात्र कुणाच्या तरी सहीची वाट बघायची! माझ्या डोक्यात हा संताप मावत नव्हता.

म्हणून सहाव्या महिन्यातच मी शिरूरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, "मॅडम, ऑपरेशन लागलं तर सही कुणाची?"

"नवऱ्याची. नाहीतर वडिलांची, सासऱ्यांची."

"माझी चालत नाही?"

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "चालते की. तू सज्ञान आहेस, शुद्धीत असलीस तर तुझीच सही लागते खरं तर. नातेवाइकांची आम्ही घेतो, मागून भांडणं नकोत म्हणून."

"मग तसं फाईलवर लिहा."

"आत्तापासून?"

"आत्ताच लिहा."

त्या हसल्या, पण लिहिलं. फाईलच्या पहिल्या पानावर, लाल शाईनं. मी ते दोनदा वाचलं आणि मगच खुर्चीतून उठले. मागे नंबर लावून बसलेल्या बायका वैतागल्या होत्या. वैतागू देत.

नवऱ्याला हे सगळं घरी सांगितलं. त्याला वाईट वाटलं असावं. आठव्या महिन्याच्या अखेरीस त्याला गुवाहाटीची फेरी लागली. नाही म्हटलं असतं तर गाडी दुसऱ्याच्या हाती गेली असती, आणि तो खरंच नाही म्हणायला निघाला होता. मीच म्हटलं, "जा. तुम्ही इथं असलात तरी सही माझीच राहणार हाय."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर एक कागद ठेवला. वहीचं पान होतं. त्यावर त्यानं लिहिलं होतं, माझ्या गैरहजेरीत माझ्या पत्नीस सही करण्यास मी परवानगी देत आहे. खाली त्याची सही, आधार कार्डाची झेरॉक्स टाचणीनं लावलेली. बिचाऱ्यानं झेरॉक्ससाठी चौकापर्यंत पायपीट केली होती.

मी तो कागद फाडला. चार तुकडे केले.

"अगं, तुझ्याच सोयीसाठी लिवलं व्हतं ना!"

"परवानगी कशाची देताय? माझं पोट, माझं बाळ. उद्या मी जेवायला बसले तर त्याची पण चिठ्ठी देणार का?"

तो चिडला. गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेला, टायर बघून आला, परत आत आला. फाडलेले तुकडे गोळा करून त्यानं आधारची झेरॉक्स तेवढी वेगळी काढली. "ही तरी ऱ्हाऊ दे," म्हणाला, "बारशाला कामाला येईल." बारशाला आधार कार्ड कशाला लागतं देव जाणे. मला हसू आलं, मग त्यालाही. तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवरून माणसाला दुखवायचं कशाला. मला अजूनही वाटतं, फाडला ते बरं केलं.

तो गेला आणि मी तयारीला लागले. नोकरीतली सवय, सगळं कागदावर पाहिजे. तपासणीच्या जुन्या फॉर्मच्या मागच्या बाजूला मी तक्ता आखला. दवाखान्याची पिशवी, फाईल, चार्जर, मऊ सुती साडीचे तुकडे, रिक्षावाल्याचा नंबर, १०८, आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्याबरोबर दवाखान्यात यायला कोण. आमच्या ओळीत दोन मैत्रिणी होत्या. एक बीडची, एक बिहारची. दोघी वेगवेगळ्या कंपन्यांत. एक फर्स्ट शिफ्टला तर दुसरी सेकंडला, म्हणजे दिवसाउजेडी कुणी ना कुणी खोलीवर असणारच, आणि रात्री तर दोघीही. मी हिरव्या आणि निळ्या पेनानं रकाने रंगवले आणि तक्ता भिंतीला चिकटवला. बिहारची म्हणाली, "दीदी, आपने तो पूरा प्लांट खोल दिया." मी खूश झाले. फोनवर ताईलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, "कळा सुरू झाल्या की पहिला फोन मला कर." मी म्हटलं, "तू कशाला? बघ ना, सगळं बसवलंय."

"तरी कर," ती म्हणाली.

एका मंगळवारी सकाळी कंबरेतून पहिली कळ आली. मी घड्याळ बघितलं, सव्वासात. मुळीच घाबरले नाही. तक्त्यापाशी गेले, निळ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि शेजारच्या दारावर थाप मारली. कुलूप होतं. दुसऱ्या दारावर गेले. तिथेही कुलूप.

मग डोक्यात प्रकाश पडला. एकीच्या कंपनीत शिफ्ट दर आठवड्याला बदलते, दुसरीच्या कंपनीत पंधरा दिवसांनी. मी तक्ता आखला त्या आठवड्यात दोघी उलटसुलट होत्या. या सोमवारपासून दोघी फर्स्टला आल्या होत्या आणि सहाच्या बसनं निघूनही गेल्या होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारी मी. तीन वर्षं शिफ्टमध्ये काढली आणि शिफ्ट फिरते हेच तक्त्यात धरलं नाही! मी भिंतीवरच्या त्या रंगीत कागदाला सणसणीत शिवी दिली.

नवऱ्याला फोन लावला, तो कव्हरेजच्या बाहेर. ताईला लावला, तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "निघतेच," म्हणाली. रिक्षावाल्याला लावला, तो गावातल्याच चाकण चौकात अडकलेला. ट्रकांची रांग हलत नाही, तासभर तरी लागेल म्हणाला. आता १०८ राहिली होती. तेवढ्यात रस्त्यावरून ओळखीचा हॉर्न ऐकू आला. आमच्या कंपनीची जनरल शिफ्टची बस. चौकातल्या रांगेतून ती आधीच सुटून आली होती; आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबते. कळा अजून लांब लांब होत्या. मी पिशवी घेतली, फाईल काखेत मारली आणि चालत गेले.

पायरीवर पाय ठेवला तसा ड्रायव्हर ओरडला, "पोरी, तू रजेवर हायस ना?"

"हाय मामा. कामावर न्हाई, शिरूरला सोडा."

मामांची गाडी कंपनीच्या गेटवर माणसं उतरवून रिकामी शिरूरलाच जायची, तिथेच लागायची, हे मला माहीत होतं. मामांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या पोराला उठवलं.

"हळू चालवू का जोरात?"

"रोज चालवता तशी चालवा."

रांजणगावच्या गेटवर सगळे उतरले. तपासणीच्या टेबलावर माझ्या जागी आलेली मुलगी उतरता उतरता माझ्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबून गेली. मग रिकाम्या बसमध्ये मी आणि मामा. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते "सांभाळ गं" म्हणायचे आणि प्रत्येक कळेला मी पुढच्या सीटचा लोखंडी दांडा पिळायचे. दवाखान्याच्या दारात बस लावून त्यांनी मला हात धरून उतरवलं. मला एकटीला येताना बघून सिस्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "मिस्टर कुठायत?"

"ड्युटीवर."

"मग सोबत कोण?"

"मी आलेय ना."

दोन-तीन तास बरे गेले. मग डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावून ऐकलं, परत ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "ठोके कमी होतायत. थांबण्यात अर्थ नाही, सीझर करू. सिस्टर, कागद घ्या, हिचीच सही आहे, मी हात धुते." एवढं बोलून त्या आत गेल्या.

ठोके कमी होतायत. शब्द तेच होते, ताईच्या वेळचे. इतके महिने मी सगळ्यांशी भांडले ते या क्षणासाठी, आणि क्षण आला तेव्हा मला नुसती भीती वाटत होती. बाळ जाईल, ताईचं गेलं तसं जाईल, एवढंच डोक्यात होतं.

सिस्टर कागद घेऊन आली आणि नेमक्या त्याच वेळी कॉरिडॉरमधून आप्पा आणि ताई आत आले. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे मोटारसायकलवर आलेले, वाटेत पंक्चरनं दोन तास खाल्लेले, दोघांचे केस धुळीनं पांढरे. सिस्टरला टोपीवाला बाप्या माणूस दिसला. सवयीनं तिनं कागद माझ्यावरून पुढे नेला आणि आप्पांच्या हातात दिला. "वडील ना? इथं सही करा, लवकर."

आप्पांनी कागद घेतला. डाव्या हातात कागद, आणि उजवा हात खिशात गेला. खिशातून त्यांनी मोबाईल काढला.

"जावईबापूंना एक फोन लावतो, मंग..."

"आप्पा!" मी ओरडले. पोटात कळ असताना एवढा आवाज कुठून आला मला माहीत नाही. "फोन ठेवा!"

सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते ताईकडे बघत होते. ताई भिंतीला टेकून उभी होती, ओढणीनं तोंड पुसायचं राहून गेलेलं. नुसती आप्पांच्या हातातल्या मोबाईलकडे बघत राहिली.

आप्पांनी मोबाईल खिशात टाकला. कागद माझ्या पोटावर ठेवला, सिस्टरच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि माझ्या बोटांत दिलं. "हिची हिलाच करू द्या," ते सिस्टरला म्हणाले. "आमची सही एकदा लई उशिरा झालीया."

पाच वर्षांत त्यांनी हे कबूल केल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी सही केली. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात लिहिलं, स्वतः. अक्षर वेडंवाकडं आलं, टेबलावर असते तर मी असा कागद पास केला नसता. खाली साक्षीदाराची जागा होती. सिस्टरनं पुन्हा आप्पांकडे बघितलं, पण ताई पुढे झाली होती. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कागदावर वाकली. नंतरचं मला दिसलं नाही, मला आत नेलं.

मुलगी झाली. बाहेर येता येता तिनं असा टाहो फोडला की आप्पा कॉरिडॉरमध्ये मटकन खाली बसले, असं आई सांगते. आई तिथे नव्हती, तरी सांगते. नवऱ्याचा फोन चारला लागला. मी झोपेत होते, ताईनं उचलला. त्यानं आधी विचारलं, दोघी बऱ्या हायत ना, मग विचारलं, सही कुणी केली. ताई म्हणाली, "जिची तिनं." तो सहाव्या दिवशी पोचला, अंगाला डिझेलचा वास घेऊन. मुलीला हात लावायच्या आधी मी त्याला अंघोळीला पिटाळलं.

महिन्याभरानं जन्माच्या दाखल्यासाठी मी दवाखान्यातून फाईलच्या झेरॉक्स आणल्या. तेव्हा तो कागद मी पहिल्यांदा शांतपणे बघितला. वर माझी वेडीवाकडी सही. खाली ताईची, शाळेत असायची तशी वळणदार. आणि तिच्या सहीच्या बाजूला, जिथे काहीच लिहायची जागा नव्हती त्या कोऱ्या समासात, तिनं बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या आहेत. कागद दिला, अकरा वाजून सोळा मिनिटं. सही झाली, अकरा वाजून वीस मिनिटं.